‘विंग्स’ (1927) पाहण्याआधी आणि पाहिल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी हा मूकपट जमेल त्याला दाखवत आलोय. भाचरांना, शेजाऱ्यांना, एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक जणांना. दर वेळी त्यानंतर फोनवर आणि मेसेजवर साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. शेवट उघड करणारं उत्तर एकच आहे, प्रश्न 15 चं. सिनेमा पाहिला नसेल तर तेवढं सोडा.

1. हा सिनेमा नेमका कसला? शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट आज कशाला बघायचा?

पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ वैमानिकांवरचा हा मूकपट. दिग्दर्शक विल्यम वेलमन, निर्मिती पॅरामाउंट स्टुडिओची. 19 मे 1927 ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत तो पहिल्यांदा दाखवला गेला. दुसऱ्याच दिवशी चार्ल्स लिंडबर्ग या अमेरिकी वैमानिकाने न्यूयॉर्कहून पॅरिसकडे एकट्याने झेप घेतली आणि जगभर विमानांचं वेड पसरलं. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला सिनेमा लागला तेव्हा लोक त्याच्यावर तुटून पडले.

आज का बघायचा, याचं माझं उत्तर सरळ आहे. यात विमानात बसलेला नट खरोखर आकाशात आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा वारा खरा आहे, मागे कलंडणारी जमीन खरी आहे. ते दिसायला लागलं की अडीच तास कसे जातात कळत नाही.

2. गोष्ट थोडक्यात सांगाल का? शेवट नको.

एका लहान गावातले दोन तरुण. जॅक मध्यमवर्गीय घरातला, डेव्हिड श्रीमंताचा मुलगा. दोघांचं प्रेम एकाच मुलीवर, सिल्व्हियावर. जॅकच्या शेजारची मेरी जॅकवर जीव टाकते, पण त्याचं तिच्याकडे लक्षच नाही. युद्ध सुरू होतं, दोघं वैमानिक होतात, आधी भांडतात, मग जिवलग मित्र होतात. मेरीही गाडी चालवणाऱ्या महिलांच्या पथकात भरती होऊन फ्रान्सला पोचते. मेरीचं काम करणारी क्लारा बो त्या वेळची सर्वांत मोठी तारका होती. जॅक झालाय चार्ल्स ‘बडी’ रॉजर्स आणि डेव्हिड रिचर्ड आर्लन.

प्रेमाचा त्रिकोण जुन्या वळणाचा आहे हे कबूल. पहिली वीस-पंचवीस मिनिटं जरा धीर धरा.

3. मूकपट म्हणजे आवाज काहीच नाही? आणि इंग्रजी येत नसेल तर?

संवाद ऐकू येत नाहीत, ते पाट्यांवर लिहून येतात. संगीत मात्र सुरुवातीपासून होतं. जे. एस. झामेकनिक यांनी खास या चित्रपटासाठी संगीत रचलं होतं आणि मोठ्या थिएटरांत ते वाद्यवृंद समोर बसून वाजवायचा. 2012 साली पॅरामाउंटने स्वतःच्या शंभरीनिमित्त चित्रपट दुरुस्त करून घेतला, तेव्हा तेच संगीत नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित केलं. इंजिनांचे, मशीनगनचे आवाजही घातले. थिएटरात असे आवाज 1927 मध्येही काढले जात, त्यामुळे ही भर मला खटकत नाही.

पाट्या इंग्रजीत आहेत, पण थोड्या आणि सोप्या. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. मी तिच्याशेजारी बसून पाट्या मराठीत वाचत गेलो. अर्ध्या तासाने ती म्हणाली, “आता नको वाचूस, मला कळतंय.” एकत्र पाहणार असाल तर एकाने हे काम जरूर अंगावर घ्यावं.

4. किती वेळ लागतो? मध्ये थांबलं तर चालेल का?

दुरुस्त केलेली पूर्ण आवृत्ती 144 मिनिटांची आहे. मध्यंतर घ्यायचं असेल तर पॅरिसचा भाग संपल्यावर घ्या, म्हणजे सेंट-मिहिएलची मोठी लढाई एका बैठकीत होईल. ती तोडून पाहू नये. तुमच्याकडची प्रत बरीच लहान असेल तर प्रश्न 13 पाहा.

5. ही विमानं खरंच उडवली होती का? काही तरी ट्रिक असेलच ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. हो, उडवली होती. अमेरिकेच्या लष्कराने माणसं, विमानं आणि जागा दिली. चित्रीकरण मुख्यतः सॅन अँटोनिओजवळ केली फील्ड या हवाई तळावर आणि आसपास झालं. लढाईचं मैदान कॅम्प स्टॅन्ली इथे उभारलं: खंदक खणले, स्फोटांनी जमिनीची चाळण केली, काटेरी तारा लावल्या. सुमारे 3,500 सैनिकांना घेऊन वेलमनने दहा दिवस त्या लढाईची तालीम केली.

वेलमन स्वतः महायुद्धात फ्रेंच हवाई दलातून लढलेला वैमानिक होता आणि त्याला फ्रान्सचं ‘क्र्वा द गेर’ हे युद्धपदक मिळालं होतं. तिशीतल्या, फारसं नाव नसलेल्या दिग्दर्शकाच्या हाती स्टुडिओने एवढा खर्चिक चित्रपट दिला तो या अनुभवामुळेच. विमान गोळी लागल्यावर कसं डुलतं आणि गरगरत खाली जाताना धूर कसा मागे राहतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

ट्रिक अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पॅरिसच्या प्रसंगात झिंगलेल्या जॅकला सगळीकडे बुडबुडे दिसतात, ते चित्र काढून मिसळलेले आहेत. पण हवेतल्या झुंजी बघताना “हे खोटं असेल” असं वाटून मन मागे घेऊ नका. नटाला स्टुडिओत बसवून मागच्या पडद्यावर आकाश फिरवण्याची पद्धत तेव्हा रुळलीच नव्हती.

6. मग नट स्वतः विमान चालवत होते? कॅमेरा कुठे होता?

हे उत्तर मला सांगायला सगळ्यात आवडतं.

रिचर्ड आर्लनला विमान चालवता येत होतं, त्याने युद्धकाळात कॅनडात प्रशिक्षण घेतलं होतं. बडी रॉजर्सला काहीच येत नव्हतं, तो चित्रीकरण चालू असतानाच शिकला. छायाचित्रणाची धुरा हॅरी पेरी यांच्याकडे होती. मोटरवर चालणारा कॅमेरा विमानावरच, नटाच्या चेहऱ्याकडे तोंड करून घट्ट बसवायचा. सोबत दुसरा वैमानिक असला तर तो विमान उंचावर नेऊन स्थिर करायचा आणि कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून खाली वाकून बसायचा. मग नट बटण दाबून कॅमेरा चालू करायचा.

त्या क्षणापासून तिथे दिग्दर्शक नाही, छायाचित्रकार नाही. कॅमेऱ्यात काही मिनिटांचीच फिल्म. तेवढ्या वेळात नटाने विमान सांभाळायचं, मागे वळून शत्रू शोधायचा, गोळी झाडायची किंवा गोळी लागल्याचा अभिनय करायचा, आणि कॅमेरा बंद करायचा. नीट झालं की नाही ते फिल्म धुऊन आल्यावरच कळणार.

पाहताना एक गोष्ट करा. नटाच्या डोळ्यांकडे नको, गालावरच्या सावलीकडे बघा. विमान वळतं तशी पंखाची सावली चेहऱ्यावरून सरकते, ऊन एका कानावरून दुसऱ्या कानावर जातं, आणि मागची जमीन त्याच हिशेबाने तिरपी होते. उघड्या कॉकपिटमधल्या वाऱ्याने ओठ थरथरतात. एकदा हे नजरेत भरलं की अलीकडच्या चित्रपटांतली स्टुडिओतली उड्डाणंही तुम्ही लगेच ओळखाल.

7. वेलमन ढगांसाठी शूटिंग थांबवायचा म्हणे. एवढं काय होतं ढगांत?

खरं आहे, आणि ते कळल्याशिवाय हा चित्रपट अर्धाच कळतो.

स्वच्छ आकाशात उडणारं विमान कॅमेऱ्यातून बघा. मागे काहीच नाही, त्यामुळे ते शंभर मैलांच्या वेगाने जातंय की जागच्या जागी लटकलंय हे समजत नाही. कृष्णधवल फिल्मवर तर निळं आकाश फिक्कट, कोरं उमटतं. दोन विमानांमधलं अंतर, उंची, वेग, सगळं हरवतं. मागे ढगांचा डोंगर असला की त्याच्या कडेवरून विमान सपकन निघून जातं आणि पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

म्हणून वेलमन अडून बसला. लष्कराचे वैमानिक तयार, विमानं तयार, वर लख्ख ऊन, आणि हा म्हणतो आज नाही. दिवसामागून दिवस गेले. स्टुडिओचा तगादा सुरू झाला, कारण प्रत्येक दिवसाचे पैसे लागत होते. चित्रीकरण सप्टेंबर 1926 मध्ये सुरू झालं ते एप्रिल 1927 पर्यंत चाललं आणि खर्च वीस लाख डॉलरच्या घरात गेला. त्या काळात नेहमीचा चित्रपट महिन्याभरात उरकायचा.

मला या हट्टाबद्दल मनापासून आदर आहे. आपल्याकडे मृगाची वाट बघतात तशी त्याने ढगांची वाट पाहिली. पहिली मोठी हवाई चकमक आली की विमानं विसरून फक्त ढग बघा. ते नसते तर या दृश्याचं काय झालं असतं, ते तुमचं तुम्हाला उमगेल.

8. एवढ्या धोक्यात कोणाला इजा झाली नाही?

झाली. चित्रीकरणाच्या काळात लष्कराचा एक वैमानिक अपघातात मरण पावला. चित्रपट पाहताना हे विसरू नये असं मला वाटतं.

विमानं जमिनीवर आदळण्याची कामं डिक ग्रेस नावाचा स्टंट वैमानिक करायचा. विमान मुद्दाम, ठरवलेल्या जागी, कॅमेऱ्यांच्या समोर पाडायचं आणि आतून जिवंत बाहेर यायचं, हा त्याचा व्यवसाय. फोकर डी-सात हे जर्मन विमान पाडताना चाकांचा सांगाडा ठरल्याप्रमाणे मोडला नाही, सगळा हिसका त्याच्या अंगावर आला आणि मानेचं हाड मोडलं. तो त्यातून बरा झाला आणि पुन्हा विमानं पाडायला लागला.

खऱ्या स्टंटचं कौतुक करताना माझ्या मनात नेहमी दोन बाजू असतात. जे दिसतं ते अद्भुत आहे, पण आजच्या सुरक्षेच्या नियमांत त्यातलं पुष्कळ काही करू देणार नाहीत, आणि तेच योग्य आहे.

9. जर्मन विमानं कुठून आणली?

बहुतेक जर्मन विमानं मुळात अमेरिकी आहेत. लष्कराची तेव्हाची नवी कर्टिस पी-1 विमानं रंगवून, त्यांवर काळे क्रॉस काढून फोकर म्हणून उडवली. अमेरिकी बाजूची बरीचशी विमानं थॉमस-मॉर्स एमबी-3 आहेत, ती फ्रेंच स्पॅडच्या जागी वापरली. जर्मनांचं अवाढव्य गोथा बॉम्बफेकी विमान हे खरं तर मार्टिन कंपनीचं एमबी-2. काही मोजकी विमानं अस्सल होती, ग्रेसने पाडलेलं फोकर त्यांपैकी एक.

विमानांचे जाणकार यावर नाक मुरडतात. पण गोथा शेडमधून बाहेर ओढून काढतात तो प्रसंग बघा. माणसं मुंगीएवढी दिसतात आणि विमान येतच राहतं, येतच राहतं. तिथे नाव कोणतं होतं याने मला काही फरक पडत नाही.

10. सिनेमा कृष्णधवल आहे, मग ज्वाळा केशरी कशा? कोणी नंतर रंगवल्या का?

मुळातच रंगवलेल्या होत्या. तेव्हा हँडशिगल नावाची प्रक्रिया होती, तिने फिल्मच्या ठरावीक भागालाच रंग देता यायचा. बंदुकीच्या तोंडची ठिणगी, पेटलेल्या विमानाची ज्वाळा एवढीच रंगीत, बाकी सगळं कृष्णधवल. 2012 च्या दुरुस्तीत हा परिणाम संगणकावर पुन्हा आणला. जुन्या प्रतींत तो दिसत नाही, म्हणून दोन जणांच्या आठवणी जुळत नाहीत.

11. लहान मुलांना दाखवावा का?

दहा वर्षांच्या पुढच्यांना जरूर, पण शेजारी बसून. वैमानिकाला गोळी लागल्यावर तोंडातून रक्त येताना जवळून दिसतं. भरतीच्या वेळी पाठमोरे उघडे पुरुष दिसतात आणि पॅरिसमध्ये मेरी कपडे बदलत असताना क्षणभराची नग्नता आहे. हॉलिवूडची कडक आचारसंहिता पुढे आली, हा त्याआधीचा चित्रपट.

माझ्या भाच्याला रक्तापेक्षा कॅडेट व्हाइटचा प्रसंग लागला. हे काम गॅरी कूपरने केलंय, तो तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता. जेमतेम दोन मिनिटं तो पडद्यावर असतो. तंबूत नव्या पोरांशी बोलतो, चॉकलेटचा एक तुकडा तोडतो, उरलेलं खाटेवर टाकतो आणि सरावाच्या उड्डाणाला जातो. थोड्याच वेळात तो गेल्याचं कळतं. खाटेवर दाताच्या खुणा असलेलं चॉकलेट तसंच पडलेलं असतं. भाच्याने त्या रात्री दोनदा विचारलं, “मग ते चॉकलेट कोणी खाल्लं?” मला उत्तर देता आलं नाही.

12. यात चुका कोणत्या आहेत?

विमानांचं प्रश्न 9 मध्ये आलंच. बायकांचे कपडे आणि केशरचना सरळसरळ 1926 सालातल्या आहेत, 1917 च्या नाहीत. विनोदासाठी घातलेला हर्मन श्विम्फ हा जर्मन आडनावाचा अमेरिकी सैनिक आज फार हसवत नाही. सेंट-मिहिएलची लढाई मात्र खरी, सप्टेंबर 1918 मधली. तिथे दोस्तांनी सुमारे 1,500 विमानं एकवटली होती, तेव्हा पडद्यावरची गर्दी अतिशयोक्ती समजू नका.

13. कुठे पाहायला मिळेल? वाचनालयात किंवा सोसायटीत दाखवता येईल का?

अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून हा चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं असतो, त्यामुळे इथे तो कधीच संपला. पण मेख अशी की हे मूळ 1927 च्या चित्रपटाबद्दल झालं. नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं संगीत आणि आवाज यांचे हक्क वेगळे असू शकतात. घरी अधिकृत ब्लू-रे पाहायला काहीच अडचण नाही, जाहीर कार्यक्रम करायचा तर त्या प्रतीच्या हक्कदाराची परवानगी घ्या.

स्वस्तातली प्रत घेताना सावध राहा. वाचनालयातल्या कार्यक्रमासाठी मी एका दुकानातून डिस्क आणली होती. ती कापलेली निघाली, संगीत भलत्याच कुठल्या तरी पियानोचं, आणि वेग इतका चुकलेला की सैनिक दुडक्या चालीने पळत होते. लोक गंभीर प्रसंगात हसले. मूकपट तुरुतुरु धावतात हा गैरसमज अशा प्रतींनीच पसरवलाय. योग्य वेगाने लावला तर माणसं माणसांसारखीच चालतात. आधी घरी दहा मिनिटं लावून पाहिल्याशिवाय चार लोकांना बोलावू नका.

आणि मोबाइलवर नको. 1927 मध्ये मोठ्या थिएटरांत हवाई दृश्यं आली की मॅग्नास्कोप नावाच्या खास भिंगाने चित्र अचानक मोठं करून पडदा भरून टाकायचे. आपल्याला ते जमणार नाही, पण टीव्हीजवळ खुर्ची ओढून घेता येते.

14. या युद्धात भारतीय वैमानिक होते का?

होते, थोडे पण होते. या चित्रपटात त्यांचा उल्लेख नाही, कारण तो अमेरिकी तुकड्यांबद्दल आहे. ब्रिटिशांच्या बाजूने उडणारे मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवत. जून 1918 मध्ये ते फ्रान्समध्ये मरण पावले, त्यांची कबर तिथल्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत आहे. बंगालचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळवले आणि 22 जुलैला, वयाच्या 19 व्या वर्षी, ते मारले गेले.

मी सेंट-मिहिएलचा भाग पाहतो तेव्हा मला वेलिणकरांची आठवण होते. गिरगाव-दादरच्या कुठल्या मराठी घरात तेव्हा त्या पोराची तार आली असती तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

15. (शेवट उघड होतो) डेव्हिडचा मृत्यू पटत नाही. जॅकला समजलं कसं नाही? आणि तो शेवटचा चुंबनाचा प्रसंग काय आहे?

डेव्हिड शत्रूच्या हद्दीत पडतो, जॅक त्याला मेलेला समजतो. डेव्हिड जर्मन विमान पळवून परत येत असतो आणि सूडाने पेटलेला जॅक ते विमान पाडतो. समजलं कसं नाही, तर विमानांत रेडिओ नव्हता. समोरच्याची ओळख फक्त पंखांवरच्या खुणेवरून, आणि खूण काळ्या क्रॉसची. डेव्हिड हात हलवतो, ओरडतो, पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार! मूकपटात हे जास्तच चटका लावतं, कारण आपल्यालाही त्याचा आवाज ऐकू येत नाही.

मरणाऱ्या मित्राला जॅक कवटाळतो आणि त्याचं चुंबन घेतो. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि आजचा प्रेक्षक ते आपल्या नजरेने वाचतो, त्यात गैर काही नाही. मला एवढंच दिसतं की साऱ्या चित्रपटात दोन्ही मुलींच्या वाट्याला एवढी माया आलेली नाही.

16. पहिलं ऑस्कर याच चित्रपटाला ना?

हो, 16 मे 1929 च्या पहिल्या समारंभात ‘उत्कृष्ट चित्रपट’ हा सन्मान याला मिळाला, शिवाय तांत्रिक करामतींसाठी रॉय पॉमरॉय यांना. त्या वर्षी ‘अद्वितीय आणि कलात्मक चित्रपट’ असा आणखी एक विभाग होता आणि तो ‘सनराइज’ला गेला. म्हणून काही लोक पहिला मान दोघांत वाटून देतात.

17. एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना कशाकडे लक्ष देऊ?

सुरुवातीला डेव्हिड आणि सिल्व्हिया झोपाळ्यावर बसलेत, तिथे कॅमेराही झोपाळ्याबरोबर झुलतो. ते दोघं जागच्या जागी आणि मागचं सगळं जग खालीवर. पुढे विमानात हेच होणार आहे, ते तिथेच सुरू झालेलं असतं. पॅरिसच्या फोली बर्जेर या करमणुकीच्या थिएटरात कॅमेरा टेबलांच्या वरून, बसलेल्या जोडप्यांच्या मधून सरकत जॅकच्या ग्लासपर्यंत जातो. ते मागे घेऊन पुन्हा बघा. डेव्हिडने घरून आणलेलं खेळण्यातलं छोटं अस्वल कोणत्या उड्डाणाला खिशात आहे आणि कोणत्या उड्डाणाला मागे राहिलंय, तेही बघा. आणि व्हाइट तंबूतून बाहेर पडल्यावर चॉकलेटवरची नजर काढून तंबूच्या कापडाकडे न्या. तिथून एका विमानाची सावली सरकून जाते.